लेव्हलिंग जॅकचे रबरी पॅड : घ्यावेत, पण निचऱ्याची सोय केल्याशिवाय बसवू नयेत

मोटरहोम, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, मुक्कामाच्या जागी उभी केल्यावर पहिले काम असते ते गाडी समपातळीत आणण्याचे. गाडीच्या तळाला बसवलेले चारही लेव्हलिंग जॅक, म्हणजे गाडी उचलून सपाट करणारे पाय, खाली उतरवायचे आणि प्रत्येकाच्या पोलादी तळव्याखाली लाकडी फळी किंवा प्लॅस्टिकचा ठोकळा सरकवायचा. तळवा थेट डांबरावर टेकला तर उन्हात डांबर दबते, काँक्रीटवर टेकला तर ओरखडे उठतात आणि तळव्याचा रंगही खरवडला जातो. हा खटाटोप टाळण्यासाठी तळव्यावर कायमचे बसवून ठेवण्याचे जाड रबरी पॅड मिळतात. ते मी दोन वर्षांहून अधिक काळ वापरले आहेत. वस्तू चांगली आहे आणि मी ती पुन्हा घेईन. मात्र ज्या रूपात ती खोक्यातून बाहेर येते, त्याच रूपात ती तळव्यावर चढवली तर जॅकचे पोलाद गंजते. हे परीक्षण मुख्यतः त्या दोषाविषयी आणि तो दूर करण्यासाठी पॅडमध्ये मी केलेल्या बदलांविषयी आहे.

आधी पॅडच्या चांगल्या बाजू सांगतो, कारण त्या खऱ्या आहेत. हे पॅड जुन्या टायरांच्या दाणेदार रबरापासून दाबून तयार केलेले असतात. त्यांच्या वरच्या बाजूला खोलगट घर असते आणि त्या घराची कड आत वळलेली असते. पॅड तळव्याखाली नीट मध्यावर ठेवायचा, कडेला साबणाचे पाणी लावायचे आणि जॅक खाली सोडायचा. गाडीच्या भाराने तळवा कडेतून आत शिरतो आणि कड त्याला वरून पकडून ठेवते. त्यासाठी स्क्रू लागत नाहीत आणि चिकटवण्याचीही गरज पडत नाही. एकदा बसला की पॅड प्रवासातही तळव्यालाच राहतो. चिखलात गुडघे टेकून फळ्या सरकवण्याचे काम कायमचे संपते, आणि वय किंवा पाठीचे दुखणे यांमुळे ज्यांना वाकणे जड जाते त्यांच्यासाठी एवढ्या एका कारणावरूनही हे पॅड घेण्यासारखे आहेत. ओल्या काँक्रीटवर पोलाद घसरते तसा हा पॅड घसरत नाही. गाडीत कोणी चालले की तळव्याचा जो करकर आवाज येत असे, तोही थांबतो.

जमिनीवरचा दाब कमी होतो, हा दावाही बऱ्याच अंशी बरोबर आहे. 23 सेंटिमीटर व्यासाच्या तळव्याचे क्षेत्रफळ सुमारे 415 चौरस सेंटिमीटर भरते, तर 30 सेंटिमीटर व्यासाच्या पॅडचे सुमारे 707. एका जॅकवर 2,000 किलो भार आहे असे धरले, तर दर चौरस सेंटिमीटरला 4.8 किलोवरून हा दाब 2.8 किलोपर्यंत उतरायला हवा. पण हा हिशेब पॅड पोलादासारखा ताठ असता तरच पूर्ण लागू पडला असता. रबर लवचिक असल्यामुळे तळव्याबाहेरची कड थोडी वर उचलली जाते आणि भार मुख्यतः मधल्या भागावरच राहतो. म्हणून भुसभुशीत मातीवर मी आजही पॅडखाली रुंद फळी ठेवतो, आणि नवीन घेणाऱ्यांनी फळ्या टाकून देऊ नयेत असे मला वाटते.

आता दोषाकडे येतो. पॅड बसवल्यानंतर सुमारे चौदा महिन्यांनी एका जॅकच्या दुरुस्तीसाठी मागचा पॅड काढावा लागला. चाके जमिनीवर टेकलेली होती, त्यांना अडसर लावलेले होते, जॅक वर घेतलेला होता, तरीही पॅड हलेना. कडेत टॉमी (उचकटण्याची लोखंडी सळई) घालून बऱ्याच वेळाने तो सुटला तेव्हा आतून तांबडे पाणी आणि गंजाच्या ओल्या खपल्या खाली पडल्या. तळव्याच्या खालच्या बाजूचा रंग परिघावर बोटभर रुंदीच्या पट्ट्यात पूर्ण निघून गेला होता आणि त्या पट्ट्यात खड्डे पडले होते. मध्यभाग मात्र बराचसा शाबूत होता. गाडीच्या मागच्या दोन्ही तळव्यांची हीच अवस्था होती. पुढच्या दोघांवर गंज कमी होता, कारण चाकांनी उडवलेले पाणी त्यांच्यापर्यंत तेवढे पोचत नाही.

पॅड का सुटत नव्हता याचे कारणही गंजातच होते. लोखंडाचा गंज झाला की मूळ धातूपेक्षा तो कितीतरी अधिक जागा व्यापतो. कडेखालच्या अरुंद फटीत तो फुगत गेला आणि तळवा रबरात पाचरीसारखा घट्ट रुतला. वर्षभर कोणी पॅड काढून पाहिला नाही तर हा बिघाड बाहेरून दिसतही नाही, कारण पॅडची कड तो पूर्ण झाकून ठेवते. माझ्या मते या वस्तूतील सर्वांत गंभीर गोष्ट हीच आहे. उघड्या तळव्यावर गंज चढला तर तो डोळ्यांना दिसतो आणि माणूस वेळेवर ब्रश हातात घेतो.

गंज का चढतो हे समजून घेतले तर पुढचे बदल कशासाठी आहेत ते आपोआप उमगते. पॅड म्हणजे मुळात एक वाटी आहे. पावसात गाडी धावताना चाके पाणी वर फेकतात, ते तळव्याच्या वरच्या बाजूवर पडते, कडेपाशी ओघळते आणि वाटीत उतरते. बाहेर पडायला त्याला वाट नसते. माझ्या तळव्यांना तर कारखान्यातूनच पाणी वाहून जाण्यासाठी छोटी छिद्रे होती. पॅडने ती खालून बंद करून टाकली. म्हणजे उघड्या तळव्यावरून जे पाणी सहज निघून गेले असते, तेच आता तळव्याच्या दोन्ही बाजूंना साचू लागले. जॅक खाली टेकवल्यावर भारामुळे मधले पाणी दाबले जाऊन परिघाकडे सरकते आणि कडेच्या आतल्या कोपऱ्यात थांबते. गंजाचा पट्टा नेमका तिथेच का होता, याचे हे एक कारण.

दुसरे कारण रसायनशास्त्रातले आहे आणि ते अधिक महत्त्वाचे आहे. पुष्कळांची अशी समजूत असते की हवा लागली नाही म्हणजे गंज चढत नाही. ओलसर फटीत मात्र उलट घडते. इंग्लंडमधील केंब्रिज येथील संशोधक युलिक इव्हान्स यांनी 1920च्या दशकात लोखंडावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवून हे दाखवून दिले. थेंबाच्या कडेला हवेतील प्राणवायू भरपूर मिळतो, मध्यभागी तो संपतो. आणि झिजतो तो मध्यभाग, जिथे प्राणवायू कमी आहे. प्राणवायू मिळणारा भाग ऋणाग्राचे काम करतो, न मिळणारा भाग धनाग्र बनतो, आणि लोखंड धनाग्रापाशी विरघळते. पॅडच्या कडेखालची फट म्हणजे हाच प्रयोग मोठ्या आकारात, महिनोन्‌महिने चाललेला. कडेच्या बाहेरचे पोलाद हवेत असते, आतले पाण्यात दबलेले असते, आणि आतले पोलाद खाल्ले जाते. ज्या रस्त्यांवर बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात किंवा जे रस्ते समुद्राजवळून जातात तिथे हा वेग आणखी वाढतो. रस्त्यावर टाकायच्या क्षारांपैकी कॅल्शियम क्लोराइड आणि मॅग्नेशियम क्लोराइड हे हवेतला ओलावाही ओढून घेतात; एकदा ते पॅडच्या आत गेले की पाऊस थांबल्यावरही आतला भाग कोरडा होत नाही.

तळव्यावर जस्ताचा मुलामा आहे म्हणून चिंता नाही, असे मानणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जस्त टिकते ते त्याच्यावर तयार होणाऱ्या कार्बोनेटच्या पातळ थरामुळे, आणि तो थर तयार व्हायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो व पृष्ठभाग अधूनमधून सुकावा लागतो. बंद ओलाव्यात तो थर धरत नाही; त्याऐवजी पांढरा, भुसभुशीत गंज येतो आणि मुलामा फार लवकर संपतो. पुढच्या एका तळव्यावर मला असा पांढरा भुगा दिसला होता. सुरुवातीला तो मी रस्त्यावरच्या मिठाचा थर समजलो. पुसल्यावर खाली जस्ताऐवजी करडे, उघडे पोलाद दिसले तेव्हा उलगडा झाला.

म्हणून मी पहिला बदल केला तो भोके पाडण्याचा. कोणताही रंग, कोणतेही वंगण यापेक्षा निचरा आधी, हे माझे ठाम मत आहे; वाटीत पाणी उभे राहणार असेल तर तिला आतून कितीही रंग लावला तरी तो केवळ काही महिन्यांची मुदत देतो. प्रत्येक पॅडमध्ये मी आठ भोके पाडली. ती मध्यावर घेतली नाहीत; तळवा जिथे संपतो त्या परिघाच्या थोडी आत, कडेच्या मुळापासून बोटभर अंतरावर, सारख्या अंतराने गोलाकार घेतली. पाणी तिथेच जमते. गाडी कोणत्याही बाजूला कलली तरी एखादे भोक सर्वांत खालच्या जागी यावे, म्हणून संख्या आठ. तळव्याला स्वतःची छिद्रे असतील तर त्यांच्या नेमके खाली आणखी एकेक भोक घ्यावे. त्यासाठी पॅड काढण्यापूर्वी तळव्यावर आणि पॅडच्या कडेवर खडूची एक खूण करून ठेवावी, नाहीतर पुन्हा बसवताना दोन्ही जुळत नाहीत.

भोकाचा व्यास 12 मिलिमीटर ठेवावा असे मी सुचवतो. पहिल्या पॅडवर मी 3 मिलिमीटरची भोके पाडून पाहिली आणि ती निरुपयोगी ठरली. एवढ्या बारीक भोकात सुमारे एक सेंटिमीटर उंचीचे पाणी निव्वळ पृष्ठताणाच्या बळावर अडून राहू शकते, आणि जे पाणी निघाले असते त्याची वाट पहिल्या चिखलाने बंद केली. मोठ्या भोकांनी पॅड कमजोर होईल ही भीतीही मी मोजून पाहिली. 12 मिलिमीटरच्या एका भोकाचे क्षेत्रफळ 1.13 चौरस सेंटिमीटर, आठांचे मिळून सुमारे 9. तळव्याच्या 415 चौरस सेंटिमीटरपैकी हे जेमतेम 2.2 टक्के होतात. पॅडवर येणारा भार दाबाचा असतो, ताणाचा नसतो; म्हणून भोकाची कड स्वच्छ असेल आणि तिथे चीर नसेल तर काळजीचे कारण नाही. चीर मात्र पुढे वाढत जाते, त्यामुळे भोक कसे पाडले याला महत्त्व आहे.

साधे ड्रिल रबरात नीट चालत नाही. रबर टोकाखाली दबते, गुंडाळले जाते, भोक वेडेवाकडे होते आणि ड्रिल बाहेर काढले की आक्रसून लहान होते. याला दोन उपाय आहेत. धारदार पोकळ पंच साबणाच्या पाण्यात बुडवून हातोडीने ठोकावा. पॅडखाली जाड लाकडाचा ठोकळा ठेवावा म्हणजे पंचाची धार जात नाही आणि भोकाचा तळही फाटत नाही. किंवा पोलादी नळीच्या तुकड्याचे तोंड कानशीने बाहेरून घासून धारदार करावे आणि तो तुकडा ड्रिल मशीनमध्ये लावून साबणाच्या पाण्यासह सावकाश फिरवावा. रबराची गुंडी नळीत अडकून बाहेर येते आणि भोक गुळगुळीत पडते. मला दुसरी रीत अधिक आवडली. पॅड रात्रभर थंडीत ठेवला तर रबर थोडे ताठ होते आणि काम आणखी सोपे जाते. तापलेल्या सळईने भोक जाळण्याचा मोह टाळावा, कारण टायरच्या रबरात गंधक असते, धूर विषारी असतो आणि भोकाभोवतीचे रबर ठिसूळ होते.

भोके पाडून पॅड परत बसवले आणि सहा महिन्यांनी पुन्हा काढून पाहिले. साचलेले पाणी अजिबात नव्हते, ही मोठी सुधारणा होती. पण दोन भोकांच्या मधल्या भागात पोलादावर तांबूस चंद्रकोरी उठल्या होत्या. याचे कारण साधे आहे. सपाट तळवा सपाट रबरावर टेकला की दोघांमध्ये पाण्याचा पातळ पापुद्रा राहतो, आणि केशाकर्षणामुळे तो भोकापर्यंत वाहत जात नाही. शिवाय दाणेदार रबराचा पृष्ठभाग ओलावा धरून ठेवतो. भोक पाण्याचा निचरा करते, पण पोलादाला हवा मिळवून देत नाही.

तेव्हा दुसरा बदल केला, आणि माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी तोच ठरला. पॅडच्या आतल्या तळावर मी चर कोरले. एक गोल चर आठही भोकांना जोडणारा, आणि प्रत्येक भोकापासून मध्याकडे जाणारा एकेक सरळ चर. रुंदी सुमारे 6 मिलिमीटर, खोली 4 मिलिमीटर. छोट्या फिरत्या यंत्राला खरखरीत दाते असलेले पाते लावून हे काम होते. रबराची भुकटी फार उडते, म्हणून तोंडावर मास्क आणि डोळ्यांवर चष्मा हवा, आणि काम उघड्यावर करावे. एका पॅडला मला पाऊण तास लागला. चर यापेक्षा खोल करू नयेत, कारण पॅडची जाडी मर्यादित असते. आणि तळव्याला पकडणाऱ्या कडेला तर हत्यार लावूच नये. कडेत खाच पाडली की पाणी लवकर निघेल हे खरे, पण तीच कड धावत्या गाडीत पॅडला धरून ठेवते. सुटलेला पॅड मागून येणाऱ्या वाहनावर जाऊ शकतो.

घडी होऊन वर जाणाऱ्या जॅकच्या बाबतीत मात्र हा नियम थोडा बदलतो. सरळ वर जाणाऱ्या जॅकचा तळवा प्रवासात आडवाच राहतो, म्हणून तळातली भोके पुरतात. घडी होणाऱ्या जॅकचा तळवा प्रवासात उभा होतो आणि वाटीचा सर्वांत खालचा भाग म्हणजे पॅडची बाजूची भिंत ठरते. तिथे भिंतीच्या मुळाशी, कडेच्या वळणापासून दूर, 8 मिलिमीटरचे एकच भोक आडवे पाडावे आणि पॅड बसवताना ते भोक प्रवासात खाली येईल अशा रीतीने फिरवून घ्यावे.

पोलादावरच्या कामाविषयी थोडक्यात. सुटा गंज तारेच्या ब्रशने काढला, खड्ड्यांत उरलेल्या गंजावर फॉस्फरिक आम्लाचे गंज-परिवर्तक लावले, ते सांगितलेल्या वेळेनंतर धुऊन पूर्ण सुकवले, मग इपॉक्सी प्रायमरचे दोन हात आणि वर पॉलियुरेथेन रंग दिला. घाई केली ती फक्त एका तळव्यावर, आणि तोच फसला: रंग हाताला कोरडा लागला म्हणून दुसऱ्या दिवशी पॅड चढवला, दोन महिन्यांनी पाहिले तर रंगाचा थर रबराला चिकटून सोलून आला होता. रंग आतपर्यंत पक्का व्हायला डब्यावर जितके दिवस लिहिलेले असतात तितके दिवस थांबावेच. शेवटी तळव्याच्या खालच्या बाजूवर आणि काठावर सिलिकोन ग्रीसचा पातळ हात फिरवला. साधे पेट्रोलियम ग्रीस वापरू नये. टायरचे रबर तेलाला टिकत नाही, ते फुगते आणि मऊ होते, आणि कडेची पकड सैल पडते.

काहीजण पॅड आणि तळवा यांमधली फट सिलिकोन सीलंटने बंद करण्याचा सल्ला देतात. मी त्याच्या पूर्ण विरोधात आहे. धातू आणि रबर वेगवेगळ्या प्रमाणात दबतात, गाडीच्या पहिल्या काही चढउतारांतच सीलंट कुठेतरी सुटते, आणि मग पाणी आत जाते पण बाहेर येत नाही. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारे सीलंट सुकताना ॲसेटिक आम्ल सोडते, आणि ते आम्ल पोलादावर स्वतःच गंज आणते.

उत्पादकाविषयी माझी तक्रार एवढीच आहे की ही भोके आणि हे चर साच्यातच देता आले असते. रबर दाबून घडवताना साच्यात आठ खुंट्या वाढवणे अवघड नाही, आणि तसे केले असते तर ग्राहकाला नव्या वस्तूवर हत्यार चालवावे लागले नसते. सोबतच्या पत्रकात पॅड ठराविक मुदतीने काढून तपासा असे एक वाक्यही नव्हते. मी विचारणा केली तेव्हा भोके पाडल्यास हमी रद्द होईल असे उत्तर मिळाले. ज्यांना हमी महत्त्वाची वाटते त्यांनी बदल करण्यापूर्वी आपल्या विक्रेत्याला लेखी विचारून घ्यावे. मी हमी सोडली, कारण जॅकचा तळवा बदलणे हे पॅड बदलण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे.

खरेदी करणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी आधी मोजून घ्याव्यात. तळव्याचा व्यास आणि आकार, कारण गोल व अष्टकोनी तळव्यांचे पॅड वेगळे असतात आणि सैल पॅडच्या फटीत पाणी अधिक शिरते. आणि जॅक पूर्ण वर घेतल्यावर तळव्याखाली उरणारे जमिनीपासूनचे अंतर, कारण पॅडच्या जाडीएवढे ते कमी होते. पॅड काढण्याचे वा बसवण्याचे काम करताना गाडी केवळ लेव्हलिंग जॅकवर उभी असेल तर तिच्याखाली कधीही जाऊ नये.

बदल केलेले पॅड बसवून आता वर्ष होत आले आहे. पावसात किंवा खारट रस्त्यावर प्रवास झाला की पाण्याची नळी खालून प्रत्येक भोकात क्षणभर धरतो. आधी गढूळ पाणी येते, मग स्वच्छ येते, आणि आतले मीठ निघून जाते. गेल्या महिन्यात चारही पॅड काढले. हाताने कड उलटवली तेवढ्यावर ते सुटले. तीन तळव्यांचा रंग अखंड होता आणि चरांच्या रेषा ग्रीसवर स्पष्ट उमटलेल्या होत्या. चौथ्यावर, जिथे पूर्वी सर्वांत खोल खड्डे पडले होते, तिथे नखाएवढा एक तांबडा ठिपका होता. तो घासून, प्रायमर लावून, आठवडाभर सुकवून मी पॅड परत चढवला.